पिवळ्या पाटीची साक्ष

"इंडिका? ती तर टॅक्सी होती, काका."

दिवाळीत सगळे जमलो होतो. जुन्या गाड्यांचा विषय निघाला आणि माझ्या पुतण्याने एका वाक्यात निकाल देऊन टाकला. पोरगा हिंजवडीत नोकरीला आहे. गाड्यांचं त्याला वेड आहे, आणि ज्या गाड्या त्याने कधी चालवल्या नाहीत त्यांच्याबद्दलची त्याची मतं सगळ्यांत ठाम असतात. मला वाक्यापेक्षा सूर खटकला. गाव कुठलं, आडनाव काय, हे विचारून झाल्यावर काही लोकांचा सूर बदलतो ना, अगदी तसा. 'टॅक्सी' म्हटलं की पुढे बोलायचं कारणच संपलं.

तो एकटा नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये रतन टाटा गेले तेव्हा इंडिकावर पुष्कळ लिहून आलं. एका बाजूला आरती होती. फोर्डकडून डेट्रॉइटला झालेला अपमान आणि २००८ साली त्याच फोर्डकडून जॅग्वार-लँड रोव्हर विकत घेऊन त्याची केलेली परतफेड ही कथा तर इतक्यांनी इतक्या वेळा सांगितली, की तिच्यात मूळ गाडी कुठे होती याचाच विसर पडला. दुसऱ्या बाजूला नाकं मुरडणारे होते. आरतीवाल्यांशी माझं भांडण नाही, त्यांचं चालू द्या. मला उत्तर द्यायचं आहे ते नाकं मुरडणाऱ्यांना.

त्यांचे आरोप मोजून पाच आहेत. ही गाडी स्वदेशी नव्हतीच. ती कच्ची होती. तिची काटकसर म्हणजे स्वस्त डिझेलची कृपा होती. ती धूर ओकायची. आणि शेवटी काय, तर तिची टॅक्सी झाली. यातले पहिले चार खरोखरच आरोप आहेत आणि त्यांतल्या काहींत तथ्यही आहे. पाचव्याचं वेगळं आहे. तो सगळ्यांत शेवटी घेतो.

आधी गाडी काय होती ते थोडक्यात. नव्वदच्या दशकात छोटी गाडी म्हणजे पेट्रोलची, आणि बहुतेकांसाठी मारुती ८००. इंजिन ७९६ सीसीचं, मागे तीन मोठी माणसं बसली की गुडघे हनुवटीला टेकायचे. डिझेलवर चालणारं काही हवं असेल तर सुमो, ट्रॅक्स, जीप नाहीतर अँबॅसेडर. छोट्या डिझेल गाड्या अगदीच नव्हत्या असं नाही, पण होत्या त्या एक तर महाग, नाहीतर नावापुरत्या. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, जे ठरवलं ते असं सांगितलं जातं: आकार मारुती झेनएवढा, आतली जागा अँबॅसेडरएवढी, किंमत मारुती ८००च्या जवळपास आणि खर्च डिझेलचा. जानेवारी १९९८मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती लोकांनी पाहिली, ३० डिसेंबर १९९८ला ती बाजारात आली आणि आठवड्याभरात १ लाख १५ हजार नोंदण्या झाल्या. इंजिन १४०५ सीसीचं, ताकद त्रेपन्न-चोपन्न अश्वशक्तीची. लांबी पावणेचार मीटरच्या आत, पण आत पाच माणसं माणसासारखी बसायची. हा हिशोब लोकांना पाहताक्षणी कळला. नाकं मुरडणाऱ्यांना तो पंचवीस वर्षांनीही कळलेला नाही.

आता आरोप पहिला. रेखाटन इटलीत तुरिनच्या आयडिया या संस्थेचं. कारखान्यातली बरीचशी सामग्री निस्सानच्या ऑस्ट्रेलियातल्या बंद पडलेल्या कारखान्यातली, सुटी करून जहाजाने पुण्याला आणलेली. मग यात स्वदेशी ते काय, असं विचारतात.

हाच प्रश्न जर्मनांना विचारून पाहा. १९७४ची फोक्सवॅगन गोल्फ जॉर्जेत्तो जुजारो या इटालियन माणसाने रेखाटली. तिला इटालियन गाडी म्हणणारा अजून मला भेटलेला नाही. कोरियाला विचारा. १९७५ची ह्युंदाई पोनी ही तिथली पहिली स्वतःची गाडी म्हणून मिरवली जाते. तिचं रेखाटन त्याच जुजारोचं आणि इंजिन जपानच्या मित्सुबिशीचं. कोरियन लोकांना त्याची लाज वाटत नाही, कारण गाडी बनवायला शिकण्याची ती पहिली पायरी होती हे त्यांना ठाऊक आहे. आणि आपल्याकडे ज्या मारुती ८००ला आपण घरची लेक मानलं, ती तर नखशिखांत सुझुकीची होती. तिला कोणी जन्माचा दाखला विचारला नाही. इंडिकालाच का विचारता?

आपल्या मातीत गाडी घडवायचं स्वप्न जुनं आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतःच्या डोक्याने घडवली, तिचे एकापाठोपाठ एक नमुने केले, ती रस्त्यावर चालवून दाखवली. पण ती नमुन्यांच्या पुढे गेली नाही. एक नमुना घडवायला कसब लागतं. तोच नमुना रोज शेकड्यांनी घडवायचा तर कारखाना लागतो, भांडवल लागतं, सुटे भाग पुरवणारी शंभर वर्कशॉप्स लागतात आणि सरकारदरबारी दारं उघडावी लागतात. मीरा ज्या खिंडीत अडकली, ती खिंड इंडिकाने ओलांडली. सुमारे १,७०० कोटी रुपये ओतून ओलांडली.

स्वदेशीची माझी कसोटी साधी आहे. गाडी कशी असावी हे कोण ठरवतं? आणि ती बिघडली तर निस्तरायची कोणी? काचेवर दोन वायपर नकोत, एकच हवा, इथपर्यंतचे निर्णय मुंबई-पुण्यात झाले. आणि निस्तरायची वेळ आली तेव्हा ते कामही पिंपरीतच झालं. या दोन प्रश्नांची उत्तरं ज्या गावात मिळतात, ती गाडी त्या गावची.

निस्तरण्यावरूनच दुसरा आरोप. गाडी कच्ची होती. होती, कबूल आहे. पहिल्या गाड्यांच्या तक्रारी त्या काळात जगजाहीर होत्या. आवाज फार, थरथर फार, टायर लवकर झिजतात. हौसेने नोंदणी केलेले लोक वैतागले आणि बाजाराने त्याची शिक्षाही दिली. २०००-०१ या वर्षात टेल्कोला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. भारतातल्या एखाद्या खासगी कंपनीला त्या काळी हा आकडा झोप उडवणारा होता.

पण गोष्ट इथे थांबत नाही, आणि टीकाकार नेमके इथेच थांबतात. कंपनीला दोन रस्ते मोकळे होते. रस्ते खराब आहेत, गिऱ्हाइकाला डिझेल गाडी चालवता येत नाही, असं म्हणून हात झटकता आले असते. नाहीतर गाडी बंद करून ट्रकच्या धंद्यात परत जाता आलं असतं, आणि तसं करा असा सल्ला देणारे कमी नव्हते. कंपनीने यातलं काहीच केलं नाही. तिने गाडी पुन्हा उघडली, दोष शोधले, आणि २००१मध्ये 'व्ही २' आणली. लोक परत आले. पहिली पोळी तव्याला चिकटते म्हणून कोणी चूल विझवत नाही. दुसरी कशी भाजली ते बघायचं असतं.

दुसरी चांगली भाजली होती. रेशमी नव्हे. आवाज तिचा शेवटपर्यंत डिझेलचाच राहिला, आतलं प्लास्टिक कधी डोळ्यांत भरण्यासारखं झालं नाही, आणि गिअरला हात लावताना नाजूकपणा अंगी बाणवायची गरज कोणाला पडली नाही. पण आवाजाला आणि प्लास्टिकला पैसे पडत नाहीत. पैसे कशाला पडतात, तो तिसरा मुद्दा.

तिसरा आरोप सगळ्यांत हुशार लोक करतात, म्हणून त्याला जरा वेळ देतो. ते म्हणतात, इंडिका काटकसरी नव्हतीच. सरकारने डिझेल स्वस्त ठेवलं होतं शेतकऱ्यासाठी आणि एसटीसाठी, आणि या गाडीने त्या ताटातला घास उचलला.

यातला अर्धा भाग खरा आहे. गाडी आली तेव्हा डिझेलचा भाव पेट्रोलच्या निम्म्याहून कमी होता. पुढे ही दरी कमी होत गेली. जून २०१०मध्ये पेट्रोलचे भाव मोकळे झाले आणि ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे. पण उरलेला अर्धा भाग तपासायला पाटी-पेन्सिल पुरते. त्या काळची छोटी पेट्रोल गाडी एसी लावून लिटरला १४ किलोमीटर देते असं धरा आणि डिझेल गाडी १८. म्हणजे शंभर किलोमीटरला पेट्रोल सात लिटरांहून थोडं जास्त, डिझेल साडेपाच. आता सरकारची कृपा पुसून टाका आणि दोन्हींचा भाव अगदी सारखा धरा. तरीही डिझेलवर शंभरात बावीस रुपये वाचतात. भाव निम्मा धरला तर शंभराचा खर्च चाळिसाच्या आत येतो. म्हणजे कृपा होतीच, पण कृपा काढून घेतल्यावरही काही उरतं, आणि जे उरतं ते इंजिनाचं.

ते कुठून येतं हेही सांगितलं पाहिजे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचं मिश्रण ठिणगीने पेटवतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तिथे नुसती हवा दाबत नेतात. पेट्रोल इंजिनात हा दाब आठ-नऊपट, तर इंडिकाच्या जातीच्या डिझेल इंजिनात वीस-बावीसपट. इतकी दाबली की हवा आपोआप तापते आणि नोझलमधून उडालेलं डिझेल त्या तापलेल्या हवेतच पेट घेतं. जितकी जास्त दाबाल तितकी प्रत्येक थेंबातून जास्त मेहनत निघते. यात एक प्रामाणिक वजावट करायला हवी: एका लिटर डिझेलमध्ये मुळातच पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के ऊर्जा जास्त असते. म्हणजे सगळं श्रेय इंजिनाला देता येणार नाही. पण खिशाला कार्यकारणभाव कळत नाही, त्याला लिटर कळतात.

आणि इंडिकाचं इंजिन काही नवलाचं नव्हतं, हेही सांगून टाकतो. टर्बो नाही, संगणकाच्या तालावर नाचणारी इंधनपुरवठ्याची व्यवस्था नाही. सकाळी किल्ली अर्धी फिरवायची, डॅशबोर्डवर वेटोळ्याचं चिन्ह पेटायचं, ते विझेपर्यंत थांबायचं आणि मग स्टार्टर मारायचा. तेवढ्या वेळात हीटर प्लग तापायचे. एवढाच काय तो नखरा. पंप आणि नोझल यांची भाषा गावोगावच्या डिझेल मेकॅनिकला ट्रॅक्टरपासून येत होती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपासून साठ किलोमीटर लांब राहणाऱ्याला याचा अर्थ काय होतो, ते सर्व्हिस सेंटरशेजारी राहणाऱ्याला कळायचं नाही.

माझे मामा वाईचे. आधी पंधरा वर्षं दुसऱ्याच्या सुमोवर ड्रायव्हर होते. मग कर्ज काढून स्वतःची इंडिका घेतली, पांढरी, टूर परमिटची. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक लांबट वही असायची, किराणा दुकानात उधारीला वापरतात तशी. तिला सुतळीने बांधलेलं बॉलपेन. प्रत्येक वेळी टाकी फुल केली की एक ओळ: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, आणि शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज, एका दशांशापर्यंत. सरळ रस्त्याला १९, एसी लावून पाहुणे नेले की १६, पसरणी घाटातून पाचगणीला खेपा झाल्या की १५च्या खाली. एखाद्या ओळीत ॲव्हरेज १४.२ आलं की त्याच्याखाली लाल रेघ, आणि दुसऱ्या दिवशी मामा मेकॅनिककडे. मी त्यांना एकदा म्हटलं, "मामा, एवढं काय लिहिता?" ते म्हणाले, "अरे, धंदा भाड्यात दिसतो, पण असतो या रकान्यात."

ही वही म्हणजे तिसऱ्या आरोपाचं खरं उत्तर. दिवसाला वीस किलोमीटर जाणारा नोकरदार वर्षाला सातेक हजार किलोमीटर करतो. वरच्याच हिशोबाने त्याचे सव्वाशे लिटरसुद्धा वाचत नाहीत. डिझेल गाडीची वाढीव किंमत आणि देखभाल पाहता त्याने पेट्रोलच घ्यायला हवं होतं. रोज दोनशे किलोमीटर जाणारा टूरवाला वर्षाला साठ हजार करतो, आणि त्याचे साडेनऊशे लिटर वाचतात. इतक्या पैशांत पोराची वर्षाची फी निघते. गाडी तीच, इंजिन तेच. एकाला पटली नाही आणि दुसऱ्याने तिच्यावर घर बांधलं, यात दोष गाडीचा नाही.

चौथ्या आरोपापाशी मात्र मी आवाज खाली घेतो. धूर.

इंडिका रस्त्यावर आली तेव्हाच दिल्लीत हवेवरून रान पेटलं होतं. अनिल अग्रवाल आणि त्यांचं विज्ञान व पर्यावरण केंद्र खासगी डिझेल गाड्यांच्या विरोधात उभं होतं. एप्रिल १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात खासगी गाड्यांना युरो-१ आणि पाठोपाठ युरो-२ निकष लावायचा आदेश दिला. त्या वेळी उद्योगजगतातल्या पुष्कळांनी या लोकांना विकासाचे शत्रू ठरवलं. पुढे २०१२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर हा माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून पहिल्या गटात घातला. अग्रवालांचा मुद्दा बरोबर होता. मामांच्या वहीतल्या कुठल्याच रकान्यात, शाळा सुटल्यावर रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या पोराच्या फुप्फुसाची नोंद नव्हती. ती किंमत कोणीतरी दुसरं मोजत होतं. हे नाकारून मला इंडिकाची बाजू मांडायची नाही.

पण गुन्हा मान्य केला म्हणजे शिक्षा कोणालाही देता येत नाही. वाटे करा. २००० साली देशभरातल्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ०.२५ टक्के होती, म्हणजे दहा लाख भागांत २,५०० भाग. २०२०च्या बीएस-६ इंधनात ती १० भागांवर आली. २,५०० भाग गंधक असलेल्या डिझेलवर धूर गाळणारी आधुनिक यंत्रणा टिकतच नाही. ते गंधक गाडीवाला घालत नव्हता, ते तेल शुद्धीकरण कारखान्यातून येत होतं आणि ते काढायचा खर्च करायला देशाने वीस वर्षं घेतली. दुसरा वाटा भाव ठरवणाऱ्यांचा. शेतकऱ्याच्या नावाने स्वस्त केलेलं इंधन खासगी मोटारीने प्यायचं नसेल, तर कर मोटारीवर लावायचा. २०१०मध्ये किरीट पारीख समितीने तेच सुचवलं होतं: डिझेल मोटारीवर ८० हजार रुपयांचं जादा उत्पादन शुल्क. ते लागलं नाही. कोणासाठी लागलं नाही, ते त्यानंतरच्या दहा वर्षांत रस्त्यावर दिसलं. दोन-दोन टन वजनाच्या, एकट्या माणसाला घेऊन मॉलला जाणाऱ्या डिझेल एसयूव्हींची रांग लागली.

माझा आक्षेप इथे आहे. धुराबद्दल बोलायचं तर सगळ्यांच्या धुराबद्दल बोला. हजार किलोची, पाच माणसं भरून धावणारी इंडिका 'डिझेलचा डबा', आणि तिच्या दुप्पट वजनाची, त्याच डिझेलवर चालणारी एसयूव्ही 'रुबाब', हा पर्यावरणाचा विचार नव्हे. पर्यावरणाच्या तोंडून दुसरंच काहीतरी बोलतंय. तेच पाचव्या आरोपात उघडं पडतं.

तर, टॅक्सी.

मारुती, फियाट, ह्युंदाई, टाटा, सगळ्यांच्या गाड्या बाजारात होत्या. त्यांची परीक्षा तीन प्रकारचे लोक घेत होते. पहिले मासिकांत लिहिणारे. ते गाडी तीन दिवस चालवून परत करत. दुसरे घरगुती मालक. ते रविवारी गाडी पुसत आणि सहा-सात वर्षांनी विकत. तिसरे टूरवाले. त्यांच्यासाठी गाडी म्हणजे चुलीवरचं भांडं. हप्ता महिन्याच्या पाच तारखेला, गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडाली, आणि गिऱ्हाईक मागच्या सीटवर अवघडलं तर पुढच्या खेपेला दुसरीकडे गेलं. या तिघांत फसवून घेणं परवडणार नाही असा कोण आहे? जाहिरातीला एकदा कोणीही भुलतं. पण ज्याची पहिली इंडिका तीन लाख किलोमीटरला आली आणि त्याने दुसरीही इंडिकाच घेतली, त्याला भुललेला म्हणायचं, की जाणकार?

२०००नंतर हिंजवडीत, खराडीत, मुंबईत मालाडला, बंगळूरला, गुडगावला आयटी आणि कॉल सेंटरं उभी राहिली. रात्री दोनला सुटणाऱ्या पोरींना घरी सोडायला गाड्या लागल्या. गावाकडून आलेल्या पोरांनी कर्ज काढून इंडिका घेतल्या आणि 'कंपनीला लावल्या'. सुमोच्या मानाने कर्ज कमी, डिझेलही कमी. आज ज्या उद्योगाच्या पगारावर माझा पुतण्या गाड्यांची मतं बाळगतो, त्या उद्योगाची पहिली पिढी रोज रात्री या गाडीच्या मागच्या सीटवर झोपा काढत घरी गेली.

आणि तालुक्याच्या गावांत तर गोष्ट याहून मोठी होती. वाईहून पुण्याच्या दवाखान्यात पेशंट न्यायचा, मुंबईच्या विमानतळावर अमेरिकेला निघालेला मुलगा सोडायचा, जेजुरी-मोरगाव, नाहीतर अक्कलकोट-पंढरपूर करून म्हाताऱ्यांना घरी आणायचं, हे सगळं आधी जीपमध्ये कोंबून व्हायचं, नाहीतर होतच नव्हतं. एका कुटुंबाला परवडेल अशा भाड्यात, चारही दारं नीट लागणाऱ्या आणि एसी असलेल्या गाडीत ते होऊ लागलं. ज्याच्या दारात कधी मोटार उभी राहणार नव्हती, त्याच्या आयुष्यात मोटार आली, दिवसाच्या भाड्याने का होईना. एका खासगी गाडीने एकच घर सुखी होतं. टूरच्या एका गाडीने किती घरांची अडलेली कामं केली, हे मोजायला मामांच्या वहीसारख्या शंभर वह्या लागतील.

एक प्रसंग सांगतो, कारण माझ्या पुतण्याच्या त्या सुराशी माझी पहिली ओळख तिथे झाली. माझ्या बहिणीचं लग्न पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात होतं. मामा वाईहून निघून वेळेवर पोहोचले. नवरीचे सख्खे मामा ते, बोहल्यावर तिला त्यांनीच आणायचं होतं. फेटा बांधायचा बाकी होता, तो पिशवीत होता. गेटवर वॉचमनने पिवळी नंबर प्लेट पाहिली आणि हात आडवा केला. "काका, टॅक्सी मागच्या गेटने. ड्रायव्हर लोकांचं जेवणही मागेच आहे." मी पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात मामांनी गाडी रिव्हर्सला टाकली. मागच्या गेटला लावली आणि फेट्याची पिशवी काखेत घेऊन चालत आले. मी चिडलो होतो. ते म्हणाले, "अरे, मागे सावली आहे. गाडी तापायची नाही."

रात्री परत निघताना त्यांनी वही काढली. मी खिडकीतून पाहिलं. तारीख, वाई-पुणे-वाई, लिटर, ॲव्हरेज १८.४. भाड्याच्या रकान्यात लिहिलं होतं: घरचं कार्य.

ती गाडी त्यांनी चार लाख किलोमीटरपर्यंत चालवली. मधे एकदा इंजिनकाम झालं. तिच्यावर दोन मुलांची शिक्षणं झाली आणि स्लॅबचं घर झालं. मामा काही अपवाद नव्हते. सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या स्टँडबाहेर जाऊन साठीच्या टूरवाल्याला विचारा, पहिली स्वतःची गाडी कोणती होती.

म्हणून पाचवा आरोप मी नाकारत नाही. इंडिका टॅक्सी होती. हो, होती. जो माणूस रुपया न् रुपया मोजतो, जो गाडीवर प्रेम करत नाही तर तिच्यावर पोट भरतो, त्याने तिला निवडलं आणि वर्षानुवर्षं निवडत राहिला. कोणत्याही मासिकाचा पुरस्कार याच्या पासंगाला पुरत नाही. पांढऱ्या पाटीमागे हौस असते. पिवळ्या पाटीमागे हिशोब असतो.

२०१८मध्ये इंडिकाचं उत्पादन थांबलं. बीएस-६ आल्यावर छोट्या डिझेल गाड्यांचं युगच संपलं. प्रदूषणाचे नवे निकष पाळणारं डिझेल इंजिन छोट्या गाडीत बसवणं परवडेना. आता पुण्यातला टूरवाला सीएनजीवर गेला आहे आणि तो धूर गेला याचा मला आनंदच आहे. उद्या कोणी या देशातल्या मोटारींचं संग्रहालय उभारेल आणि त्यात इंडिकाही ठेवेल. माझं एवढंच सांगणं आहे, की शोरूममधली कोरी, चकचकीत इंडिका तिथे नको. पिवळ्या पाटीची ठेवा, चार लाख किलोमीटर झालेली, सीटवर टॉवेल अंथरलेली. आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातली वही तशीच राहू द्या.